अभ्यासाची गोडी मोजताना

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. दुपारी पडद्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खोलीत येतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते, तसं काहीसं. एरवी ती धूळ जणू नसतेच. पण कुणी जुना विद्यार्थी येतो, चहा होतो, "सर, तुमच्या त्या मापाचं काय झालं होतं हो?" असं तो विचारतो, की सगळं पुन्हा तरंगायला लागतं.

अडचण एवढीच, की मी हे किस्से दर वेळी थोडे वेगळे सांगतो असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. "मागच्या खेपेला त्या हेडमास्तरांना टोपी होती," ती आतून ओरडते, "या वेळी पगडी आली!" मी घाबरतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर तेच माप येतं का, हे तपासण्यात ज्याने उमेदीची चार वर्षं घालवली, तो माणूसच असा निघावा! तेव्हा आधीच सांगून ठेवतो. टोपी की पगडी याची मला खात्री नाही. बाकीचं बहुतेक झालं तसंच आहे.

बहुतेक!

साल सत्तरच्या आगेमागे. नागपुरातल्या एका शिक्षण महाविद्यालयात मी टेंपररी लेक्चरर होतो. प्रबंध पुरा झाला तरच नोकरी कायम. विषय माझे मार्गदर्शक मोहरील सर यांनी दिला होता. आठवीतल्या मुलांची अभ्यासाची गोडी मोजायची, आणि तीच मुलं अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला जाईपर्यंत दर वर्षी पुन्हा मोजायची. त्यासाठी चाळीस वाक्यांचा एक कागद होता. 'मला नवीन धडा वाचायला आवडतो', अशी वाक्यं. पुढे तीन चौकोन : नेहमी, कधी कधी, कधीच नाही. मुलाने खूण करायची, आम्ही गुण द्यायचे.

"हे बघा," सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "पंधरा दिवसांत बदलते ती गोडी नव्हे, तो मूड. मुलाच्या आत काही टिकणारं असेल तर ते आपल्या कागदावर दर वेळी सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर कागद तरी खोटा, नाहीतर आत काही नाहीच."

आत काही नाहीच! नोकरीची काळजी होतीच, पण या तीन शब्दांनी मला जास्त छळलं. सायकलवरून जाताना शाळा सुटलेली दिसली, की त्या निळ्या-पांढऱ्या गर्दीकडे बघून मी मनात विचारायचो, आहे का रे बाबांनो आत काही?

आमचा कंपू चौघांचा. सर, मी, शाळाशाळांत जाऊन कागद भरून घेणाऱ्या वत्सलाबाई, आणि कागदाचं स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर प्रती काढणारे बापूराव. खोली एकच. खिडकीबाहेर कडुनिंब, आत शाईचा वास.

* * *

पहिली शाळा महाल भागातली. तिचे हेडमास्तर म्हणजे जरब. (टोपीवाले. किंवा पगडीवाले.) आम्ही कागद वाटले आणि हेडमास्तर टेबलाशी छडी घेऊन उभे राहिले. "बिनधास्त खरं लिहा!" ते गरजले.

बेचाळीस मुलांनी चाळीसच्या चाळीस वाक्यांना 'नेहमी' लिहिलं.

"आमच्या शाळेत गोडीला तोटा नाही," हेडमास्तर मला म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते.

आता हा वर्ग पुन्हा घेणं भाग होतं, आणि या वेळी हेडमास्तर वर्गात नकोत. पण त्यांना सांगणार कोण? मी दोन दिवस वाक्य तयार करत होतो. वत्सलाबाईंनी ते काम अर्ध्या मिनिटात केलं. "सर, तुम्हीही एक कागद भरता का? मोठ्या माणसांचंही पाहून राहिलो आम्ही." हेडमास्तर खूश होऊन कागद घेऊन ऑफिसात गेले.

तासाभराने बाहेर आले ते घामेघूम. कागद चौपदरी घडी घातलेला. तो बाईंच्या हातात देऊन हळूच म्हणाले, "बाई, हे कोणाले दाखवू नका."

बाईंनी दाखवला नाही. मी स्वतःच पाहिला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. पहिलंच वाक्य होतं, 'सकाळी शाळेत यायला मला आवडतं.' पुढे 'नेहमी'वर केलेली खूण खोडून, 'कधी कधी'वर केलेली खूण खोडून, शेवटी तिसऱ्या चौकोनात अगदी बारीक टिंब दिलं होतं.

* * *

पंधरा दिवसांनी त्याच मुलांना तोच कागद पुन्हा द्यायचा, अशी पद्धत. दोन्ही वेळचे गुण जुळले तर कागद भरवशाचा. मी त्या पंधरा दिवसांत दोन किलो तरी उतरलो असेन.

दुसरी फेरी झाली. आम्ही गुण मांडले. सगळ्या मुलांची गोडी वाढलेली! थोडीथोडकी नाही, जो तळाला होता तोसुद्धा वर!

मोहरील सरांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "पंधरा दिवसांत तुम्ही अख्खं नागपूर सुधारलंत! आता महाविद्यालयात काय करताय, सचिवालयात जा!"

मी घरी जाऊन नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मी आणि बाई शाळेत गेलो. वत्सलाबाईंनी पहिल्या बाकावरच्या एका मुलाला विचारलं, "काय गा, मागच्या खेपेला 'कधीच नाही' लिहिलं होतं, आता 'नेहमी' काहून लिहिलं?"

तो उभा राहिला. मान खाली. "बाई, सगळा वर्गच नापास झालता ना?"

"कोण म्हणे?"

"नापास नसतो झालो, तं पुन्हा काहून घेतली असती परीक्षा?"

मुलांनी गेल्या पंधरा दिवसांत एकमेकांना विचारून 'बरोबर' उत्तरं पाठ केली होती. वर्गातल्या हुशार मुलीने फळ्यावर लिहून दिली होती म्हणे!

परत येताना बाई म्हणाल्या, "सर, आपला कागद गोडी मोजते की भीती?"

मी सायकलची घंटी वाजवली. रस्त्यात कुणीही नव्हतं.

त्यानंतर आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात छापायला लागलो, 'ही परीक्षा नाही. यात कोणी नापास होत नाही.' पुढच्या फेरीला गुण बरेच जुळले. तरी एका पोराने त्या ओळीपुढेही चौकोन काढून 'कधी कधी'वर खूण केलीच!

* * *

दोन फेऱ्यांचे आकडे जुळतात किती, ते काढायला एक गणकयंत्र होतं. लोखंडी, हँडल फिरवायचं. भागाकार संपला की टिंग करून घंटी वाजायची. आजही देवघरातली घंटा ऐकली की मला वाटतं, आला आकडा!

एकदा मी सकाळपासून हँडल फिरवून उत्तर काढलं. सर म्हणाले, पडताळा घ्या. दुपारी पुन्हा काढलं, वेगळं आलं. वत्सलाबाईंनी काढलं, तिसरंच आलं. मी रडकुंडीला येऊन तिन्ही चिठ्ठ्या सरांपुढे ठेवल्या.

सरांनी त्या ओळीने लावल्या, चष्मा काढला.

"मुलं राहू द्या," ते म्हणाले. "आधी तुमची विश्वसनीयता काढू."

* * *

एक दुपार मात्र अशी आहे की ती खरी घडली की नाही, असं मला कधी कधी वाटतं.

मार्चची अखेर. शाळा अजून सकाळची झाली नव्हती. सीताबर्डीच्या मागल्या बाजूची एक शाळा, वर्गाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारलेलं. बाहेर ऊन असं, की रस्ता थरथरताना दिसावा. आत हिरवट अंधार आणि तो ओला, गार, मातीचा वास. पन्नास मुलं कागद भरत होती. पेन्सिलींचा आवाज लांब कुठेतरी पाऊल वाजावं तसा येत होता.

मग तो विरळ झाला. मी पाहिलं तर मागचा अख्खा बाक डोकं टेकून झोपला होता. मग मधला. मग पुढचा. उठवायला हवं, मी मनात म्हणालो. पडद्यातून एक थेंब पडला. दुसरा पडायची मी वाट पाहत राहिलो. वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या हातातलं घड्याळ मांडीवर उलटं पडलेलं. त्या थंड अंधारात आम्ही सगळे, मोजणारे आणि मोजले जाणारे, एकाच पाण्यात बुडाल्यासारखे खाली खाली जात होतो. मला स्वप्न पडलं, की मी एका मुलाच्या आत उतरलो आहे, आत मोठं अंगण आहे, आणि कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलं आहे.

शाळेची घंटा झाली. पन्नास डोकी एकदम वर आली. गालांवर बाकाच्या फटींचे वळ.

कागद गोळा केले. बहुतेकांचे अर्धवट. पण एका वाक्यावर साऱ्या वर्गाचं एकमत होतं. 'शाळेत बसलो की वेळ कसा जातो ते कळत नाही.'

नेहमी, नेहमी, नेहमी!

* * *

तिसऱ्या वर्षी संकट आलं. गुण धाडकन खाली! आमच्या सगळ्या शाळांतल्या सगळ्या मुलांना एकाच वर्षी अभ्यासाचा वीट आला होता.

मी झोप गमावली. दोन वर्षं जे जमत आलं होतं ते गेलं, म्हणजे प्रबंध गेला, नोकरी गेली, आणि आत काही नाहीच हेही सिद्ध झालं. मोहरील सरांनी मात्र धीराने कारणं शोधली. दहावीचं वय. वाढती उंची. नवा अभ्यासक्रम. उन्हाळा लांबला. चार पानी टिपण झालं, आणि खरं सांगतो, ते इतकं सुरेख होतं की मलाही पटलं.

टिपण टाइप करायला बापूरावांकडे गेलं. त्यांनी ते वाचलं, आणि सरांपुढे येऊन उभे राहिले. उंच, काळेसावळे, बोटं कायम शाईची.

"साहेब, पोट्ट्यायले गोडी नाही असं लिहून राहिले तुम्ही?"

"आकडेच तसे आले, बापूराव."

"असं कसं? मी तं कागद सुधारून देल्ला होता."

खोलीत कडुनिंबाची पानं ऐकू यायला लागली. "सुधारून म्हणजे?" सरांनी विचारलं.

आमच्या चाळीस वाक्यांत बारा वाक्यं मुद्दाम उलटी होती. 'अभ्यास म्हणजे मला शिक्षा वाटते', अशी. त्यांना 'नेहमी' म्हणणाऱ्याला सगळ्यांत कमी गुण. मूल न वाचता खुणा करत सुटलं तर पकडलं जावं, म्हणून ही योजना. जुनं स्टेन्सिल फाटल्यामुळे त्या वर्षी बापूरावांनी नवीन कापलं, आणि कापता कापता त्या बाराही वाक्यांना शेवटी एकेक 'नाही' लावून दिलं. 'अभ्यास म्हणजे मला शिक्षा वाटत नाही.' मुलांनी बिचाऱ्यांनी 'नेहमी' लिहिलं, आणि आम्ही त्यांचे गुण कापत बसलो!

मी खुर्चीत बसलो. हसू की रडू कळेना. बारा वाक्यांचे गुण सुलटे मोजले, तर सगळे आकडे जवळजवळ मागच्या वर्षीच्या जागी येत होते.

सर मात्र लाल झाले होते. "बापूराव, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

बापूरावांनी धोतराला बोटं पुसली. "साहेब, इथं येण्याआधी मी वीस वर्षं शाळेत कारकून होतो. पोट्ट्यायचे दाखले लिवत होतो. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यायले 'चांगली'च लिवलं. एका पोट्ट्याले वाईट लिवलं नाही. आता म्हातारपणी त्यायच्या तोंडून असं वंगाळ वदवून घेऊ?"

सरांनी ते चार पानी टिपण उचललं, टराटरा फाडलं, आणि म्हणाले, "चहा सांगा चार."

* * *

एक छोटासा. महालातला एक सायकलरिक्षावाला एकदा थेट आमच्या खोलीत आला. त्याचा मुलगा आमच्या यादीत होता.

"साहेब, माह्या पोट्ट्याची गोडी किती भरली?"

मी सांगितलं की हे गुप्त असतं, शिवाय एकट्या मुलाच्या आकड्याला तसा अर्थ नसतो, चुकीला फार वाव असतो, वगैरे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तं एका कागदावर शिक्का मारून द्या, गोडी आहे म्हणून."

"कुठे दाखवायचा आहे? बोर्डिंगात?"

"नाही जी. पोट्ट्यालेच. मी सांगतो, तं त्याले पटत नाही."

मी नियमाप्रमाणे नकार दिला. वत्सलाबाई त्याच्याबरोबर बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. ऑफिसचा शिक्का त्यांच्या हातात होता.

* * *

आता शेवटचा.

चौथं वर्ष, मॅट्रिकचं. मुलं गळत गेली होती. कुणाच्या वडिलांची बदली, कुणी नापास, कुणी कामाला. चारही वर्षांचे कागद पूर्ण असलेली मुलं मोजली तर नव्याण्णव भरली. सरांचा हट्ट होता शंभराचा. "नव्याण्णव बघितले की परीक्षकाला आधी शंभरावा कुठे गेला तेच सुचतं," ते म्हणाले. "शंभर झाल्याशिवाय मी सही करणार नाही." माझी मुदत महिनाअखेरीला संपत होती.

वत्सलाबाईंनी यादीवर बोट ठेवलं. "ही एक आहे. कन्हानची. इंदू. दहावीपर्यंतचे तीन कागद आहेत आपल्याजवळ."

"मग चौथा?"

"शाळा सुटली तिची. आई खाणीवर कामाले जाते आता, घरी लहान भावंडं आहेत."

शाळाच सोडलेल्या मुलीचा कागद धरावा की नाही, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. पडला नाही. मी तिच्यासाठी निघालो नव्हतो, शंभरासाठी निघालो होतो.

बसने कन्हानला पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. पुलावरून नदी दिसली, वाळूत हरवत, पुन्हा सापडत जाणारी. वस्तीवर कोळशाची बारीक धूळ होती, आणि तिच्यातून ऊन असं येत होतं की घरं जमिनीपासून वीतभर वर तरंगत असावीत. विचारत विचारत गेलो. इंदू अंगणात लहानग्याला अंघोळ घालत होती. बाईंना पाहून उभी राहिली. सोळा वर्षांची असेल. हात पदराला पुसून तिने आधी आमच्या पायांकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"तोच कागद हाये, बाई?"

"तोच वं. भरतेस?"

तिने लहानग्याला टॉवेलात गुंडाळून बाईंच्या मांडीवर दिलं, आत जाऊन पाट आणला, उंबऱ्याशी बसून त्यावर कागद ठेवला. मी खाटेवर बसलो. ती एकेक वाक्य ओठ हलवत वाचायची, थांबायची, दूर कुठेतरी बघायची आणि मग खूण करायची. इतक्या सावकाश कागद भरलेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. मांडीवरचं मूल झोपलं. कोंबड्या आल्या, गेल्या. मला परतीच्या बसची काळजी लागली. मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

ती एकतिसाव्या वाक्यावर होती. 'उद्या वर्गात काय शिकवतील, याची मला उत्सुकता असते.'

ते वाक्य तिच्यापुढे पाहून माझे कान तापले. हे मी तिच्यासाठी आणलं होतं! घाईघाईने म्हणालो, "अगं, हे राहू दे. हे शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे. हे सोडून दे तू."

तिने पेन्सिल 'नेहमी'च्या चौकोनात टेकवली होती. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला काहीतरी समजलं नाही, आणि ते समजावून सांगावं लागणार, अशा नजरेने.

"काहून सोडू, सर?" ती म्हणाली. "रोज वाटते ना."